भामरागडच्या चौदा फ्लॉप्या

पावसाळ्यात भामरागडला जायचं की नाही, हे प्रवासी ठरवत नाही, पर्लकोटा ठरवते. गावाच्या वेशीवरच तिचा पूल आहे. गावाला लागूनच पामुलगौतम आणि इंद्रावती तिला भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे थोपतं, पूल बुडतो आणि बाजारपेठेतल्या दुकानांतून पाणी फिरू लागतं. 2019 च्या पावसाळ्यात तर ते पुन्हा पुन्हा फिरलं. म्हणून मी दसरा होऊ दिला आणि मग निघालो.

आलापल्लीपासून पुढे पासष्टेक किलोमीटर जंगलातला रस्ता. मांडीवर पिशवी. पिशवीत लॅपटॉप, नागपूरच्या भंगारवाल्याकडून आणलेले दोन फ्लॉपी ड्राइव्ह, रुंद पट्टीसारख्या केबली, वायरींचं भेंडोळं, मल्टिमीटर आणि काडेपेटीहून जरा मोठी एक उघडी सर्किटची पाटी. या जिल्ह्यात अशी पिशवी घेऊन फिरणं शहाणपणाचं नाही, हे मला नाक्यावर गाडी थांबली तेव्हा सुचलं. तरुण जवानाने वायरी पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. "फ्लॉपी वाचायचं सामान आहे," मी म्हणालो. त्याला फ्लॉपी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याच्या मागचे पिकल्या मिशांचे हवालदार पुढे आले, एक ड्राइव्ह हातात घेऊन त्याचा चाप दाबून पाहिला आणि हसले. "अरे, हे तर आमच्या हापिसात होतं. जाऊ दे त्याले."

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते एक निवृत्त शिक्षक. मूळचे मूलकडचे. नोकरीने या तालुक्यात आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे. गावात सगळे गुरुजीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. शाळेत येणाऱ्या माडिया मुलांना मराठी कळत नाही आणि आपल्याला माडिया कळत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात उमगलं. तेव्हापासून ते शब्द गोळा करायला लागले. एर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव, कोर म्हणजे कोंबडी. आधी वहीत, मग रजिस्टरात. नंतर चंद्रपूरला एका ओळखीच्या माणसाकडे कॉम्प्युटर आला, तेव्हा सुट्टीत तिथे मुक्काम ठोकून फ्लॉपीवर. वह्या एका पुरात गेल्या. फ्लॉप्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि ट्रंक माळ्यावर होती, म्हणून राहिल्या.

ट्रंक उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. घोंगडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत चौदा फ्लॉप्या. सव्वापाच इंची पाच, साडेतीन इंची नऊ. सव्वापाच इंचीतली एक हाताला फारच हलकी लागली. पाहिलं तर नुसतं कवर, आतली चकतीच नाही. गुरुजी ओशाळले. 24 ऑक्टोबर 1995, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. फ्लॉपीच्या काळ्या चकतीतून ग्रहण दिसतं, असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. डोळ्यांचे डॉक्टर नको नको म्हणत असताना शेकडो घरांतल्या फ्लॉप्यांची कवरं फाडली गेली. गुरुजींच्या थोरल्याने ही फाडली. "त्याची नकल होती माझ्यापाशी," ते म्हणाले. म्हणजे वाचायच्या राहिल्या तेरा.

*

फ्लॉपी वाचणं म्हणजे ड्राइव्हमध्ये टाकणं, इतकंच बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर मी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर आलोच नसतो. ऑनलाइन मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पोस्टाने पाठवला असता.

आयबीएमने 1971 मध्ये पहिली फ्लॉपी बाजारात आणली. ती आठ इंची होती आणि तिच्यात 80 केबी मावायचे. 1976 मध्ये शुगार्ट असोशिएट्सने सव्वापाच इंची आणली, 1981 मध्ये सोनीने साडेतीन इंची. पण माप एक झालं म्हणून मजकूर एक होत नाही. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, फ्लॉपीची भाषा दर कंपनीगणिक बदलायची. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम जोरात होती तेव्हा आठ इंचीचा एक ठरलेला नमुना तरी होता. सव्वापाच इंची आली आणि प्रत्येक कंपनीने आपापली चूल मांडली. कुणी चकतीवरच्या एका फेऱ्यात (ट्रॅक) आठ खंड (सेक्टर) लिहायचं, कुणी नऊ, कुणी दहा. कुणी खंडांचे क्रमांक शून्यापासून मोजायचं, कुणी एकपासून. यावर उतारा म्हणून मायक्रो सोल्यूशन्सचं युनिफॉर्म आलं, सायडेक्सचं 22डिस्क आलं. त्यांच्या पोटात शेकडो यंत्रांच्या सवयींची यादी असायची. कोणत्या यंत्राची फ्लॉपी ते सांगा, आम्ही तसं वाचतो.

पण या प्रोग्रामांना एक मर्यादा होती, आणि ती त्यांच्या हातात नव्हती.

फ्लॉपीच्या चकतीवर ना आकडे असतात, ना अक्षरं. असतं ते चुंबकत्व, आणि ते फिरत्या चकतीवर इकडचं तिकडे उलटत जातं. ड्राइव्हला एवढंच कळतं की आत्ता उलटलं, आत्ता पुन्हा उलटलं. दोन उलटण्यांमधला वेळ हाच सगळा मजकूर. ड्राइव्ह ही नाडी समजा. ती पाहणारा वैद्य म्हणजे कॉम्प्युटरमधली कंट्रोलर चिप. पीसीतला वैद्य एनईसीच्या 765 या चिपच्या घराण्यातला. वात, पित्त, कफ अशा तीनच नाड्या त्याला कळतात: 4, 6 आणि 8 मायक्रोसेकंद. दुप्पट घनतेच्या फ्लॉपीवर एमएफएम पद्धतीने लिहिलेला मजकूर या तीन अंतरांत बसतो. 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर हीच अंतरं निम्मी होतात, 2, 3 आणि 4. यापलीकडचं काही आलं की वैद्य हात झटकतो: रोगी नाहीच, फ्लॉपी फॉर्मॅट करू का? (या प्रश्नाला सवयीने 'हो' म्हणून किती जणांनी आपला मजकूर पुसला असेल, त्याची गणती नाही.)

ॲपलच्या मॅकिंटॉशची 800 केबीची फ्लॉपी अशीच पलीकडची. चकतीचा बाहेरचा घेर मोठा, आतला लहान. मग दोन्हीकडे सारखाच मजकूर का लिहायचा, असा ॲपलच्या लोकांचा हिशेबी विचार. म्हणून 80 फेऱ्यांचे सोळा-सोळाचे पाच पट्टे केले. बाहेरच्या पट्ट्यात एका फेऱ्यात 12 खंड, मग 11, 10, 9 आणि सगळ्यात आत 8. दोन्ही बाजू धरून खंड होतात 1600, प्रत्येक 512 बाइटचा. बरोबर 800 केबी. त्यासाठी ड्राइव्हची मोटरच वेग बदलायची. बाहेर मिनिटाला सुमारे 394 फेरे, आत सुमारे 590. पीसीचा साडेतीन इंची ड्राइव्ह मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत 300 फेऱ्यांनी चालणारा. शिवाय मॅकची लिहिण्याची पद्धत वेगळी, जीसीआर. गुरुजींच्या दोन फ्लॉप्या अशा होत्या. त्यांचं पुस्तक नागपूरच्या ज्या डीटीपी सेंटरमध्ये जुळवलं जात होतं, तिथे मॅक होता. पुस्तक छापलं गेलं नाही, पैसे संपले. सेंटरही पुढे बंद पडलं.

या अडचणीवरची तोड गेल्या काही वर्षांत निघाली, आणि ती हौशी लोकांनी काढली. वैद्यालाच मधून काढून टाकायचं. ड्राइव्हची तार सरळ एका छोट्या पाटीला जोडायची. त्या पाटीने काही समजून घ्यायचं नाही. फक्त घड्याळ लावून प्रत्येक उलटण्याची वेळ टिपायची आणि यूएसबीतून लॅपटॉपला द्यायची. समजून घेण्याचं काम नंतर सॉफ्टवेअरचं, निवांत, हवं तितक्या वेळा. क्रायोफ्लक्स, फ्लक्सइंजिन, सुपरकार्ड प्रो, ॲपलवाल्यांसाठी ॲपलसॉस, अशा कितीतरी पाट्या आहेत. माझ्या पिशवीतली होती ती ग्रीझवीझल. कीर फ्रेझर या प्रोग्रामरने ती बनवली. तिचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. स्वस्त आहे, आणि पोलीस नाक्यावर जप्त झाली असती तरी जिवाला घोर लागला नसता.

*

संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर मांडामांड केली. आणि लाईट गेली.

साडेतीन इंची ड्राइव्ह पाच व्होल्टवर चालतो, त्याला पॉवर बँक पुरते. सव्वापाच इंचीची मोटर मात्र बारा व्होल्ट मागते. गुरुजींनी घरात जाऊन सौरदिव्याची बॅटरी उचलून आणली. मल्टिमीटर लावला, 12.6. पाच व्होल्ट पॉवर बँकेतून, बारा बॅटरीतून, आणि दोन्हींची ऋण तार एकत्र पिळली. ड्राइव्ह घरघरला. गुरुजींची नात टॉर्च धरून बसली.

फ्लॉपी आत घालण्याआधीची तयारी मात्र घाईत उरकायची नसते. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच कागदाच्या पट्टीने बंद केली, साडेतीन इंचीची खिडकी उघडी केली. दोन्ही उलट आहेत, लक्षात ठेवायला त्रासदायक आहेत, पण त्यामुळे चुकूनही काही लिहिलं जात नाही. मग सगळ्या फ्लॉप्या टॉर्चखाली फिरवून पाहिल्या. साडेतीन इंचीतल्या एकीचा पत्रा सरकवला तर आत पांढरी बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ही ओली हवा कागदाला सोडत नाही, तशी चकतीलाही सोडत नाही. बुरशीवरून ड्राइव्हचं डोकं फिरलं की ती थर घेऊन निघते आणि पुढच्या फ्लॉपीवर डाग ठेवते. ती बाजूला ठेवली. तिचं कवर उकलून, चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून नव्या कवरात घालावी लागेल. ते काम ओसरीवर करण्यासारखं नव्हतं.

पहिली घातली ती सव्वापाच इंची, 360 केबीची, लेबलवर निळ्या शाईने 'शब्द 1, 1992'. माझा ड्राइव्ह 1.2 एमबीचा. त्याचं डोकं अरुंद, पावलं दुप्पट. त्यामुळे प्रत्येक वेळी दोन पावलं टाकायला सांगावं लागतं. कट, कट, कट. पडद्यावर प्रत्येक फेऱ्यापुढे आकडा उमटत गेला: नऊपैकी नऊ खंड, नऊपैकी नऊ.

"भाऊ, हे वाचून निघते का नाही, थेवढं सांगा."

"पाहून राहिलो ना गुरुजी."

नऊपैकी नऊ. शेवटपर्यंत.

*

आता खरी गंमत, आणि माझ्या मते या लेखाचं कारण. या फ्लॉपीवर डीबेसची एक फाइल होती. चार रकाने: माडिया शब्द, मराठी अर्थ, कुणाकडून ऐकला, गाव. 1992 ची फाइल, युनिकोड अजून कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हा मी दुसऱ्या लढाईच्या तयारीत होतो. आणि ती अर्ध्या तासात उलगडली. लाहेरी, धोडराज, कोठी, आरेवाडा, बिनागुंडा, गावांची नावं अशी पडद्यावर स्वच्छ देवनागरीत आली की गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

याचं श्रेय जातं ते जिस्टला. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं हे काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली तिथे वाढलं. जिस्टचं एक कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरचे इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवायला लागायचे. चंद्रपूरच्या त्या पीसीत हे कार्ड होतं. पण कार्डापेक्षा महत्त्वाचं होतं ते त्यामागचं कोष्टक, इस्की. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकदाच ठरवलेलं. भारतीय मानक 13194, साल 1991. त्यात अक्षर म्हणजे अक्षर, त्याचं रूप नव्हे. क नंतर वेलांटी, बोलतो त्याच क्रमाने. खाली टिंब द्यायचं तर नुक्त्यालाही स्वतंत्र क्रमांक. पुढे युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी केली ती इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरूनच. म्हणून तीस वर्षांपूर्वीची फाइल आजच्या युनिकोडात नेताना जवळपास एकास एक बदल करावा लागतो, बस.

मग 1998 ते 2001 मधल्या साडेतीन इंची फ्लॉप्या घेतल्या. त्या अगदी साध्या, पीसीच्या, 1.44 एमबीच्या. (हा 1.44 चा आकडाही विनोदी आहे. 1,474,560 बाइटना 1000 ने भागा किंवा 1024 ने, 1.44 एमबी येतच नाही. एकदा एकाने आणि एकदा दुसऱ्याने भागलं तरच येतो.) बुरशीची वगळून सहा होत्या, सहाच्या सहा एका दमात वाचल्या गेल्या. फाइल उघडली तर समोर इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा.

आमच्या पिढीला हा चिवडा ओळखीचा आहे. विंडोज आलं, कार्ड गेलं, आणि प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट काढला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, शेकड्यांनी. हे फॉन्ट कॉम्प्युटरला सांगायचे की हा इंग्रजी मजकूर आहे, आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवायचे. कृतिदेवात डी, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरं म्हणजे 'काम'. ख हवा तर उघडता चौकटी कंस आणि पुढे के. 'कि' लिहायचं तर एफ आणि मग डी, म्हणजे वेलांटी आधी आणि क नंतर, कारण टाइपरायटरवर तसंच असायचं. रफार उलट, अक्षर झाल्यावर. फॉन्ट असला तर मजकूर, नसला तर चिवडा. आणि दोन कंपन्यांचे चिवडे एकमेकांशी जुळत नाहीत.

त्या काळात हे सोयीचं होतं, हे मी नाकारत नाही. दिवाळी अंक या फॉन्टांवर निघाले, वर्तमानपत्रं निघाली. आम्ही लेखाची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन पाठवायचो आणि सोबत चिठ्ठीवर फॉन्टचं नाव लिहायचो. चिठ्ठी हरवली की संपादकाचा फोन. पण माझं स्पष्ट मत असं की त्या दहा-पंधरा वर्षांत आपण मागे गेलो. 1991 मध्ये एक ठरलेला करार हाताशी होता. तो बाजूला ठेवून ज्याने त्याने आपापलं दुकान थाटलं, आणि आज 1992 ची फाइल 1999 च्या फाइलपेक्षा आधी उघडते. मॅकची फ्लॉपी वाचण्याचं कोडं इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी आपल्यासाठी सोडवून ठेवलं आहे. फॉन्टचं कोडं आपण घरी तयार केलं, ते सोडवायला बाहेरून कोणी येणार नाही.

प्रचलित फॉन्टांसाठी रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत. त्यांतला एक मी चालवला. बराचसा मजकूर सरळ झाला. पण त्यातले बरेच प्रोग्राम हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी लिहिलेले. त्यांना ळ कसाबसा कळतो, आणि आपला ऱ्य मुळीच कळत नाही. गुरुजींच्या एका टिपणात होतं की लाहेरीच्या पुढे डोंगर आणि दऱ्या आहेत. पडद्यावर आलं: डोंगर आणि दर्या आहेत. भामरागड तालुक्यात समुद्र! गुरुजींची नात हसून लोटपोट झाली. मी शोधा-आणि-बदला करून सगळे 'र्या' एका फटक्यात 'ऱ्या' केले, तर 'सूर्या'चं 'सूऱ्या' झालं. शेवटी एकेक जागा डोळ्यांनी पाहावी लागली. साडेतीनशेच्या वर होत्या.

*

दुसऱ्या दिवशी मॅकच्या दोन फ्लॉप्या. पीसीच्याच ड्राइव्हमध्ये घातल्या, त्याच 300 फेऱ्यांवर. बाहेरच्या पट्ट्यात जी अंतरं मूळ 2, 4, 6 मायक्रोसेकंदांची, ती माझ्या संथ ड्राइव्हवर ताणून सुमारे 2.6, 5.2, 7.8 झाली. आतल्या पट्ट्यात जवळजवळ दुप्पट. पाटीला त्याचं सोयरसुतक नाही, तिने वेळा टिपल्या. सॉफ्टवेअरने पट्ट्यागणिक ताण मोजून मजकूर काढला. एक फ्लॉपी पूर्ण निघाली. दुसरीचे आतले काही फेरे गेले होते. एकेक फेरा वीस वेळा वाचला, प्रत्येक वेळी थोडं वेगळं उत्तर, त्यातून जुळतील तेवढे खंड घेतले. तरी एकोणीस राहिले.

पुढे फाइल सिस्टिम. या फ्लॉप्यांवर होती ती ॲपलने 1985 मध्ये आणलेली एचएफएस. खुद्द ॲपलने 2019 च्या कॅटलिना आवृत्तीपासून ती वाचणं बंद केलं आहे, म्हणजे आजचा महागडा मॅकही ही फ्लॉपी ओळखत नाही. लिनक्सवरचं एचएफएस-युटिल्स मात्र ओळखतं. आत पेजमेकरची फाइल होती. ती उघडेल असा प्रोग्राम माझ्याकडे नव्हता. कच्चे बाइट उघडून त्यातून मजकुराचे सलग तुकडे वेचून काढले. दुपार त्यात गेली. गुरुजींच्या घरच्या काकूंनी दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "अजून किती वाचते हा?"

तुकडे निघाले ते पुन्हा चिवड्यातच, पण याची चव निराळी. फॉन्ट कुठल्याच प्रचलित कोष्टकाशी पूर्ण जुळेना. तेव्हा गुरुजींना आठवलं. माडियातले काही उच्चार मराठी वर्णमालेत बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या अक्षरांखाली ते टिंब द्यायचे. जिस्टमध्ये नुक्ता होता, काम भागलं. नागपूरच्या मॅकवरच्या फॉन्टमध्ये तो नव्हता. मग तिथल्या ऑपरेटरने फॉन्टमधल्या पाच रिकाम्या जागी टिंबवाली पाच अक्षरं स्वतः काढून बसवली. फॉन्टची ती फ्लॉपी ऑपरेटरकडेच राहिली.

पाच चिन्हं, कुठल्याच पुस्तकात नसलेली. चार सुटली, आणि कशी सुटली ते सांगायला मला आनंद वाटतो. मॅकवरच्या पुस्तकातले बरेच शब्द 1992 च्या यादीतही होते. तिथे नुक्त्यासकट, नेमके. दोन्ही शेजारी ठेवले आणि चिन्हांची ओळख पटली.

पाचवं चिन्ह फक्त गाण्यांत येतं. तेवीस ठिकाणी. गाणी 1992 च्या यादीत नाहीत, ती गुरुजींनी नंतर गोळा केली. ज्या दोन म्हाताऱ्यांनी ती सांगितली, त्या आता नाहीत. गुरुजींना आठवत नाही.

संध्याकाळी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. माडिया, आता स्वतः शिक्षिका. तिने छापलेले कागद पेन्सिल घेऊन तपासले, आणि तिचं तपासणं माझ्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा कडक होतं. "हा शब्द आमच्याकडे असा नाही म्हणत, गुरुजी." "कोठीकडे म्हणत असतील." "कोठीकडेही नाही. तुम्ही चुकीचं ऐकलं." गुरुजींनी मान डोलावली. "असू दे. दोन्ही लिहून ठेव." पाचव्या चिन्हाच्या जागी तिला दोन वेगवेगळी अक्षरं संभवतात असं वाटलं. एका ओळीत एक बसतं, दुसऱ्या ओळीत दुसरं. अंदाजाने भरायला ती तयार झाली नाही. तेवीस जागी आम्ही चौकट छापली.

*

फ्लॉपी मेली, हे आता सगळे म्हणतात. सोनीने मार्च 2011 मध्ये उत्पादन थांबवलं. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या निरोप्या यंत्रणेतून आठ इंची फ्लॉपी 2019 मध्ये निघाली. जपान सरकारने आपल्या नियमांतून फ्लॉपीचं नाव 2024 मध्ये काढलं. यंत्रातून निघाल्या, नियमातून निघाल्या. माळ्यावरून आणि कपाटांतून मात्र निघालेल्या नाहीत. आपल्याकडचा सार्वजनिक अभिलेख कायदा 1993 चा, आणि कॉम्प्युटरवर तयार झालेली सामग्री हाही अभिलेखच, असं त्यात तेव्हाच लिहिलेलं आहे. गुरुजींनी यादीची एक नकल त्या काळात एका कार्यालयात रीतसर पोच घेऊन दिली होती. पोच त्यांच्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी ते विचारायला गेले, तर जुन्या फ्लॉप्या निर्लेखनात गेल्याचं कळलं. वाचता येत नव्हत्या, असं कारण. वाचायचा प्रयत्न कोणी केला होता का, हे विचारायचं त्यांना तिथे सुचलं नाही.

तर हिशेब असा. चौदापैकी दहा पूर्ण, दोन अर्धवट (मॅकची एक, सव्वापाच इंची एक), एक ग्रहणात गेलेली, आणि एक बुरशीची, जी मी नागपूरला आणली आहे. तिच्या लेबलवर 'गाणी 2' आहे. ती वाचली गेली तर या यादीत एक आकडा बदलेल. पण तीही पीसीची आहे, नागपूरच्या त्या फॉन्टची नाही. पाचव्या चिन्हाचं उत्तर तिच्यात असण्याची आशा मी धरलेली नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. 1994 ते 1997 या काळात नागपुरात मॅकिंटॉशवर मराठी जुळणी करणाऱ्या कुठल्याही डीटीपी सेंटरमध्ये तुम्ही काम केलं असेल, किंवा अशा सेंटरच्या फ्लॉप्या, सीडी, फॉन्टच्या नमुन्याचे छापील कागद तुमच्याकडे पडून असतील, तर ते फेकू नका. आणि ड्राइव्हमध्येही घालू नका. साडेतीन इंची असेल तर खिडकी उघडी करा, पिशवीत तांदळाऐवजी सिलिका जेलची पुडी टाका, आणि या अंकाच्या संपादकीय पत्त्यावर माझ्या नावाने एक पोस्टकार्ड पाठवा. न्यायला मी येईन. टिंबवाली पाच अक्षरं असलेला एक फॉन्ट हवा आहे. चार आम्हाला ठाऊक आहेत.